मिलफर्डचा रस्ता आणि संडासाचा कायदा

मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन न्यूझीलंडमधल्या मिलफर्ड साउंड या डोंगरांत शिरलेल्या खाडीतली बोट गाठायला निघालेल्यांना हल्ली दोनच प्रश्न सतावतात: रात्री थांबायचं कुठे आणि गाडीतला संडास कायद्यात बसतो का. रस्त्याच्या अवघडपणाबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

माओरी लोक हिरव्या दगडासाठी इथे फार आधीपासून येत होते. १८८८ मध्ये डोंगरातली खिंड सापडल्यावर पायी येणारे हौशी प्रवासीही वाढले. गाडीरस्ता मात्र जन्मला मंदीच्या काळात. ते सरळसरळ रोजगार हमीचं काम होतं: बेकारांच्या हाती कुदळी आणि हातगाड्या, राहायला तंबू. या रस्त्यावरच्या होमर बोगद्याचं काम १९३५ साली सुरू झालं. खोदकाम वरच्या तोंडाकडून खाली, दहास एक उतारानं. कातळाच्या भेगांतून झिरपणारं बर्फाचं पाणी थेट कामाच्या टोकाशी साचायचं आणि ते उपसतच पुढे सरकावं लागे. हिमलोटांत माणसंही दगावली. १९४० साली डोंगर आरपार फुटला, पण महायुद्धानं काम अडलं आणि गाड्या सुरू व्हायला १९५४ उजाडलं. सव्वा किलोमीटरचा तो बोगदा आजही अरुंदच आहे. मोठी गाडी घेऊन सिग्नलपाशी थांबलं की ते पुरतं कळतं.

खरं भांडण पेटलं ते बऱ्याच नंतर, आणि तेही मुक्कामावरून. रग्बी विश्वचषकाच्या तोंडावर, २०११ मध्ये, देशात फुकट मुक्कामाचा कायदा आला. मूळ सूत्र उदार होतं: मनाई नसेल तिथे सार्वजनिक जागेवर राहा. पालिकांनी मात्र बऱ्याच ठिकाणी फक्त निळा स्टिकर असलेल्या ‘स्वयंपूर्ण’ गाड्यांनाच मुभा दिली. स्वयंपूर्ण म्हणजे तीन दिवस पुरेल एवढं पाणी, सांडपाण्याची टाकी, झाकणाचा कचरा डबा आणि संडास. हा संडास उचलून ठेवण्याजोगा असला तरी चालायचा. मग काय, लहान व्हॅनच्या गादीखाली प्लॅस्टिकचा डबा सरकवला की स्टिकर हजर. पुढे पलंग अंथरलेला असतानाही संडास वापरता आला पाहिजे अशी अट आली, तरी डबे काही हटले नाहीत.

२०२३ च्या दुरुस्तीनं संडास गाडीत पक्का बसवलेला हवा असं ठरवलं. स्टिकर हिरवा झाला आणि तपासणी प्लंबरांच्या नियामक मंडळाच्या देखरेखीखाली गेली. दंडही वाढले. भाड्याच्या गाड्यांना नियम आधी लागू झाला, तर खासगी गाड्यांची मुदत जून २०२६ पर्यंत लांबवली गेली. सरकारचं म्हणणं स्वच्छतेचं होतं. ते खोटं नाही, पण नेम धरला गेला तो स्वस्तातल्या व्हॅनवाल्या तरुणांवर, हे उघड आहे.

गंमत म्हणजे मिलफर्डच्या रस्त्यावर हिरव्या स्टिकरचाही उपयोग नाही. ‘ते आनाऊ’ या गावापासून किनाऱ्यापर्यंतच्या १२० किलोमीटरांत शुल्क घेणाऱ्या तळांशिवाय कुठेही रात्री गाडी लावता येत नाही; हे तळ मुख्यतः संवर्धन खात्याचे. त्या तळांवर संडास असतातच. खात्याचा शेवटचा तळ कॅस्केड क्रीकचा. पुढे थेट मिलफर्डमधलं एकुलतं लॉज, जिथे आगाऊ आरक्षण नसेल तर परत फिरावं लागतं.

आणि गर्दी? ती दुपारची. क्वीन्सटाउन शहरातून पहाटे निघालेल्या बस एकाच सुमारास धक्क्यावर पोचतात. तळावर झोपून सकाळची पहिली बोट धरणारा मोटरहोमवाला उलट ती गर्दी टाळतच असतो.

फेब्रुवारी २०२० च्या महापुरानं रस्ता जागोजागी वाहून गेला, पर्यटक अडकले आणि पुढच्याच महिन्यात साथीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या. त्या शांततेत, २०२१ मध्ये, मिलफर्डसाठी एक बृहत् आराखडा पुढे आला: परदेशी पाहुण्यांकडून शुल्क, ते आनाऊहून बससेवा, मोठ्या जहाजांना बंदी, धावपट्टी बंद. विमानवाल्यांनी आणि गावकऱ्यांतल्या काहींनी जोरदार विरोध केला. खासगी गाड्यांवर बंदी काही आली नाही. आजही आपली गाडी धक्क्याजवळच्या वाहनतळापर्यंत नेता येते. फक्त हिवाळ्यात चाकांच्या साखळ्या सोबत हव्यात आणि डिझेलची टाकी ते आनाऊतच भरून घ्यावी.