बैठक (लघुयुद्धखेळातील इमारतींची)

टेबलावर छोट्या सैनिकांच्या आकृत्या मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळात घर, वाडा, वेस, बुरूज अशा इमारतींखाली जो सपाट पाट घालतात, त्याला बैठक म्हणता येईल. भिंती त्यावर उभ्या राहतात, अंगण, पायवाट, कुंपण, पडझडीची दगडमाती त्यावरच रचली जाते आणि खेळ आवरताना इमारत उचलायची तीही बैठकीला धरूनच. शब्द मूर्तिकारांचा आहे आणि इथे चपखल बसतो. इमारतीच्या भिंती पुठ्ठ्याच्या असोत की लाकडाच्या, तिचे आयुष्य बैठकीच्या साहित्यावर ठरते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तर ते साहित्य आधी दमटपणा पाहून निवडावे लागते, किंमत आणि देखणेपणा नंतर.

युद्धखेळाचा आजचा धागा प्रशियापर्यंत मागे जातो. तिथे राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजासाठी असा खेळ तयार केला आणि त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारित नियम लष्करी अधिकाऱ्यांसाठी छापले. त्याच १८२४ च्या ऑक्टोबरात बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला राणी चन्नम्मांच्या सैन्याने कंपनीच्या फौजेचा पराभव केला आणि कलेक्टर थॅकरे मारला गेला. इथल्या माणसाने आपल्या टेबलावर कोणती लढाई मांडावी, हा प्रश्न पडू नये इतका हा योग जवळचा आहे.

साहित्याआधी जाडी ठरवावी. २८ मिमी उंचीच्या आकृत्यांसाठी साधारण १:६० प्रमाण धरले तर ३ मिमीची बैठक प्रत्यक्षातल्या १८ सेंमीएवढी, म्हणजे एका पायरीएवढी होते. सैनिक तिच्यावर चढला तर डोळ्यांना खटकत नाही. ६ मिमीची बैठक ३६ सेंमीची होते. तिला ओट्याचे रूप दिले तरच ती शोभते. १५ मिमीच्या आकृत्यांना (१:१००) ३ मिमीही ३० सेंमीचा कट्टा वाटतो आणि ६ मिमीच्या चिमुकल्या सैन्यापुढे (१:३००) तीच बैठक ९० सेंमीची, कमरेइतकी भिंत होऊन बसते. मात्र पातळ करत जाण्याला मर्यादा आहे. पाटाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो आणि निम्मी केली की आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून सर्वसाधारण उपाय असा: पाट ३ ते ५ मिमीचा घ्यायचा आणि कड कानस किंवा पॉलिशपेपरने तिरकी उतरवायची. उतरती कड टेबलाच्या कापडात मिसळून जाते आणि आकृती तिच्यापाशी अडखळत नाही.

आता खरा शत्रू, बाक. पाटावर वाळू आणि माती चिकटवण्यासाठी पांढरा गोंद (बाजारात सरसकट फेव्हिकॉल म्हणतात तो) पाण्यात पातळ करून फासला जातो. पाणी वरच्या थरात मुरते, थर फुगतो. मग गोंद वाळताना आक्रसतो आणि वरचा पृष्ठभाग आपल्याकडे ओढून घेतो. खालची बाजू कोरडीच असल्याने ती साथ देत नाही आणि चारही कोपरे वर उचलतात. हे दोन दिवसांत घडते. उपाय सुतारकामातून आलेला आहे: जे वर, तेच खाली. फर्निचरच्या फळीला एका बाजूने सनमायका लावला की कारागीर दुसऱ्या बाजूलाही पातळ थर देतो, कारण ओढ दोन्हीकडून सारखी लागते. बैठकीलाही तसेच करावे. काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंना आणि कडांना ऑइलपेंट किंवा व्हार्निशचा हात द्यावा, गोंद पातळ थरांत लावावा आणि वाळेपर्यंत पाट वजनाखाली ठेवावा. बाक आलाच असेल तर खालच्या बाजूला गोंदाचा तसाच हात देऊन तो बराचसा मागे घेता येतो.

एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू चिकटद्रव्यात दाबून केलेली फळी) हे या कामातले सर्वांत सोयीचे आणि आपल्या पावसात सर्वांत बेभरवशाचे साहित्य आहे. ते सपाट असते, त्याला रेषा-गाठी नसतात, लेझरवर स्वच्छ कापले जाते आणि ३ मिमीचे तुकडे फर्निचरच्या दुकानांत उरलेलेच असतात. पण कापलेल्या कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. थोड्याच वेळात कड फुगते, बोटाला खरखर लागते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला जुलैमध्ये भिंतीवर बुरशी येते; तिथे उघड्या कडेचा एमडीएफ नुसता कपाटात ठेवला तरी ओल घेतो. अथणी-सौंदत्तीच्या कोरड्या मुलखात तोच पाट वर्षानुवर्षे सरळ राहील. एकाच जिल्ह्यात एवढा फरक आहे. कड पातळ गोंदाने किंवा लाखेने बंद केल्याशिवाय एमडीएफ वापरू नये, आणि तो घासताना तोंडाला मास्क बांधून बाहेर अंगणात बसावे. त्याची धूळ फार बारीक असते आणि त्यातल्या चिकटद्रव्यात फॉर्मल्डिहाइड असते.

प्लायवूडचे बळ त्याच्या विषम थरांत आहे. तीन किंवा पाच पातळ पापुद्रे एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असल्याने एका थराची ओढ दुसरा धरून ठेवतो. पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचे ४ मिमी प्लाय मिळाले तर ओलसर घरासाठी त्याच्याइतका भरवशाचा लाकडी पाट नाही. मात्र पातळ प्लायला मुळातच पीळ असू शकतो. मिस्त्री जसा तुकडा डोळ्यासमोर धरतो, एक डोळा मिटतो आणि कडेवरून नजर टाकतो, तसे दुकानातच पाहून घ्यावे.

फ्लेक्स छापणाऱ्यांकडे आणि नामफलक करणाऱ्यांकडे उरणारा सनबोर्ड हा फेसाळ पीव्हीसीचा पत्रा. पाण्याने त्याला काहीच होत नाही, कटरने कापतो, ३ आणि ५ मिमीत मिळतो. या पट्ट्यासाठी तीच पहिली निवड असावी, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. त्याचे दोन दोष सांभाळावे लागतात. गुळगुळीत पृष्ठभागावर पांढरा गोंद नीट धरत नाही, म्हणून आधी पॉलिशपेपरने खरवडून घ्यावे. आणि उन्हात बंद गाडीत ठेवला तर तो मऊ पडून वाकतो. मोठ्या वाड्यासाठी खालून दोन पट्ट्या आडव्या चिकटवल्या की लवचीकपणा जातो.

थर्माकोल बैठक म्हणून वापरू नये. त्याच्या कडा दाण्यादाण्याने झडतात, तो बोटाच्या दाबाने खचतो आणि द्रावक असलेला चिकटा किंवा स्प्रेचा रंग त्याला पाहता पाहता विरघळवतो. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. घरात आलेल्या मालाच्या पॅकिंगचा तुकडा टेकडीच्या पोटात भरायला चालतो, तोही वरून कागदाचा लगदा लावून.

पुठ्ठा फुकट मिळतो. बेळगावच्या दुकानात 'रट्टु' हा कन्नड शब्दही कानावर पडतो, वस्तू तीच. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचे दोन-तीन थर पन्हळी एकमेकींना आडव्या ठेवून चिकटवले की प्लायचेच तत्त्व लागू होते. त्याचा वरचा कागद सोलला तर आतल्या पन्हळींचे मंगळुरी कौलांसारखे छप्पर होते. जुन्या सीडीही टाकू नयेत. १२ सेंमी व्यासाची, १.२ मिमी जाडीची, ओलीने बाक न येणारी ही तयार गोल बैठक आहे. मधले १५ मिमीचे भोक १:६० मध्ये ९० सेंमीचे होते, म्हणजे आयता आड. भोवती खड्यांची एक ओळ लावली की कठडा झाला. शहापूर-वडगावच्या मागांवर सूत संपल्यावर उरणारा कागदी कोन वर निमुळता असतो. तो सीडीवर उभा करून टोक कापले की बुरूज तयार होतो.

या भागातल्या मुलांचा हात या कामाला दिवाळीतच बसलेला असतो. गल्लोगल्ली विटा रचून, गोणपाट टाकून, लाल माती लिंपून किल्ले होतात, त्यावर मोहरी किंवा अळीव उगवतो आणि मावळे उभे राहतात. येळ्ळूरचा राजहंसगड समोरच दिसत असल्याने नमुन्याची वाण नसते. पण दिवाळीचा किल्ला मातीत परत जाण्यासाठी असतो, खेळातली इमारत वर्षानुवर्षे टिकण्यासाठी. ओली माती वाळताना आक्रसते, तडकते आणि खालची फळी वाकवते. फ्लॅटच्या गॅलरीत पाटावर किल्ला करणाऱ्यांना हे माहीत असते. म्हणून बैठकीवर माती लिंपायची नाही, फक्त भुरभुरायची: गोंदाचा हात, वर चाळलेली कोरडी माती, वाळल्यावर उरलेली झटकून टाकायची. खानापूरची कुंभारकामाची लाल माती कापडातून चाळून घेतली की जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या घराच्या अंगणाला रंग द्यावाच लागत नाही. पूर्वेकडच्या गावासाठी काळी माती घ्यावी. रेतीची जाडी मात्र प्रमाणात हवी; २८ मिमीच्या सैनिकापुढे १ मिमीचा कण ६ सेंमीचा गोटा असतो.

भिंती चढवण्याआधी शेवटची पारख काचेवर होते. खिडकीची किंवा टेबलाची सपाट काच घ्यावी, तयार बैठक तिच्यावर ठेवावी आणि चारही कोपरे एकेक करून बोटाने दाबावे. एखादा कोपरा टक् टक् वाजला तर पाटाला पीळ आहे. अशा पाटावर भिंत उभी करू नये, तो पुन्हा वजनाखाली ठेवावा.