पाइनची भट्टी आणि तिच्या आधीची थप्पी

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला पाइन आता नवा नाही. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन आदेशाने देशातल्या वृक्षतोडीला लगाम बसला आणि परदेशी लाकडाची गरज वाढत गेली. न्यूझीलंडचा रेडिएटा पाइन त्यातूनच ओळखीचा झाला. चाकण-भोसरीच्या कारखान्यांकडे खोकी आणि पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) यांसाठी असं लाकूड लागतं. तक्रारही ठरलेली: लाकूड वाळवायच्या एकाच भट्टीतला माल, पण काही फळ्या वाकलेल्या, काही आतून ओल्याच. बोल भट्टीला लागतो. माझ्या मते खरी चूक बऱ्याचदा त्याआधी, थप्पी लावतानाच झालेली असते.

लाकडातला ओलावा कोरड्या वजनाच्या टक्केवारीत मोजतात, म्हणून तो शंभराच्या वरही जातो. रेडिएटाच्या सालीलगतच्या लाकडात तो १५० टक्क्यांच्या आसपास असतो, गाभ्यात जेमतेम ४०-४५. एकाच ओंडक्याच्या, एकाच मापाच्या दोन ताज्या फळ्या उचला. सालीकडची दीडपटीहून जड लागते.

हा फरक का नडतो, याचं उत्तर जुनं आहे. अमेरिकी वनखात्यातल्या हॅरी टीमन यांनी १९०६ मध्ये दाखवलं की साधारण ३० टक्क्यांपर्यंत पेशींच्या पोकळीतलं पाणी जातं, तोवर लाकूड फारसं आकसत नाही. त्याखाली पेशीभित्तीतलं पाणी निघू लागतं आणि आकसणं सुरू होतं. म्हणजे मिसळलेल्या थप्पीत गाभ्याची फळी आकसायला लागते, तेव्हा सालीकडची अजून पाण्याने भरलेली असते. एकच तापमान, एकच वारा दोघींना कसा मानवणार?

पहिल्या महायुद्धात विमानांसाठी स्प्रूस लाकूड हवं झालं, तेव्हा अमेरिकेतल्या मॅडिसनच्या वनोत्पादन प्रयोगशाळेने तापमान आणि आर्द्रता काबूत ठेवणाऱ्या भट्ट्यांवर भर दिला. तेव्हा फळ्यांची निवड मुख्यतः जात आणि जाडीवरून. पुढे १९७० च्या अमेरिकी मानकात कोरड्या सॉफ्टवुडला, म्हणजे पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या लाकडाला, १९ टक्के ओलाव्याची कमाल मर्यादा आली. सगळ्यात ओली फळी त्याखाली येईपर्यंत भट्टी चालवायची, तर बाकीच्या अतिवाळून वाकणार. कॅनडाच्या पश्चिम भागात स्प्रूस, पाइन आणि फर एकाच गठ्ठ्यात विकले जातात, आणि फरमध्ये ओलाव्याचे कप्पे राहतात. तिथल्या गिरण्यांनी ओल्या फळ्या वजनाने किंवा विद्युत मापकाने आधीच वेगळ्या करून प्रत्येक गटाला वेगळा वेळ द्यायला सुरुवात केली.

पुण्यात एक गैरसमज वारंवार भेटतो. निर्यातीच्या पॅलेटवरचा एचटी (हीट ट्रीटेड, म्हणजे उष्णता दिलेलं) शिक्का म्हणजे लाकूड वाळलेलं, असं नाही. गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. ही अट कीड मारण्यासाठी आहे.

यंत्र नसलं तरी वजनकाटा आणि खडू पुरतो. जड फळ्यांची एक थप्पी, हलक्यांची दुसरी. भट्टी एकच असेल तर जड थप्पी आधी आत घालावी, विशेषतः पावसाळ्यात. दमट हवेत सालीकडच्या ओल्या पाइनला थोड्याच दिवसांत निळी बुरशी धरते. गाभ्याच्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून, छपराखाली थांबू शकतात.