‘द मॅनेजर बिझी’ मागचं व्याकरण

दुबई, दोहा किंवा मस्कतच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला अरबी सहकाऱ्यांच्या अशा ईमेलची सवय असते: ‘द मॅनेजर बिझी टुडे. आय सेंट द फाईल विच यू आस्क्ड फॉर इट. वी हॅव फिफ्टीन एम्प्लॉयी.’ वाचणारा गालातल्या गालात हसतो. इंग्रजी कच्चं आहे, हे खरंच. पण ते नेमकं कुठे कच्चं राहणार, हे लिहिणाऱ्याच्या अरबीने बरंचसं आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

पहिलंच वाक्य घ्या. मॅनेजर कामात आहे, हे अरबीत ‘अल्-मुदीर मशगूल’ एवढ्यात सांगून होतं. मशगूल तर आपल्याही ओळखीचा. ‘आहे’साठी शब्दच नाही, कारण वर्तमानकाळात अरबीला तो लागत नाही. भूतकाळात मात्र ‘काना’ हे क्रियापद येतं. म्हणजे ‘वॉज’ला अरबीत जोडीदार आहे, ‘इज’ला नाही, गळतं ते ‘इज’.

फाईलची गोष्ट याच्या उलट. तिथे एक शब्द जास्त आहे. ‘मी पाठवलेली फाईल’ला अरबीत ‘अल्-मलफ्फ अल्लजी अर्सल्तुहू’ म्हणतात. या ‘अर्सल्तुहू’ची फोड केली तर ‘तु’ म्हणजे मी आणि शेवटचा ‘हू’ म्हणजे तिला, त्या फाईलला. मागे येऊन गेलेल्या नामाकडे पुन्हा बोट दाखवायची ही रीत आहे, आणि तोच ‘हू’ इंग्रजीत ‘इट’ होऊन बसतो. गंमत म्हणजे नाम अनिश्चित असेल, ‘एक इंजिनियर’ असं, तर अरबी ‘जो’ हा शब्दच गाळते. मग ‘वी नीड ॲन इंजिनियर नोज ऑटोकॅड’ असं वाक्य तयार होतं. एकाच माणसाच्या ईमेलमध्ये कुठे शब्द जास्त, कुठे कमी. धांदरटपणा वाटावा असं. प्रत्यक्षात दोन्हीकडे नियम इमानाने पाळलेला आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती पंधरा ‘एम्प्लॉयी’ची चूक. पुढचा ‘एस’ विसरला, असं कुणालाही वाटेल. अरबी मोजणी पाहा. एक पुस्तक ‘किताब’. दोन पुस्तकं ‘किताबान’, कारण संस्कृतसारखं अरबीतही द्विवचन आहे. तीन ते दहापर्यंत अनेकवचन ‘कुतुब’: ‘सलासतु कुतुब’, तीन पुस्तकं. आणि अकरापासून पुढे पुन्हा एकवचन! पंधरा पुस्तकं म्हणजे ‘खम्सता अशरा किताबन’, शब्दशः पंधरा पुस्तक. शंभरालाही एकवचनच. आकड्यानेच ‘पुष्कळ’ सांगून झालं, नामाने पुन्हा कशाला सांगायचं? (याच्या तुलनेत इंग्रजीचा ‘एस’ मला तरी उगाचचा खर्च वाटतो.) म्हणून ‘फाइव्ह एम्प्लॉयीज’ बरोबर लिहिणारी तीच व्यक्ती ‘फिफ्टीन’ला घसरू शकते.

‘द’चंही तसंच. अमूर्त कल्पनेला अरबी ‘अल्’ लावते. ‘अस्-सब्र मिफ्ताहुल् फरज’, सब्र ही सुटकेची किल्ली, अशी तिथली म्हण आहे; ‘श्रद्धा आणि सबुरी’तली सबुरी याच सब्रच्या कुळातली. त्यातला ‘अस्’ हे ‘अल्’चंच बदललेलं रूप. तो इंग्रजीत आला की ‘द पेशन्स इज इम्पॉर्टंट’. अरबी लिपीत कॅपिटल अक्षरं नसतात, म्हणून तीही राहून जातात. देवनागरीवाल्यांनी यावर हसू नये.

अशा चुका आधीच ओळखता येतील, असं अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लाडो यांनी 1957 मध्ये मांडलं होतं: दोन भाषा शेजारी ठेवा, जिथे फरक तिथे अडचण. ते पूर्ण खरं ठरलं नाही. ‘ही वर्क’ असं ‘एस’ गाळून अरबी माणूस लिहितो तसा जपानी आणि मराठीही लिहितो. तिथे मातृभाषेपेक्षा इंग्रजीचीच ती लहर जबाबदार. 1967 मध्ये पिट कॉर्डर यांनी जीभ घसरणं आणि पुन्हा पुन्हा होणारी चूक यांत फरक केला. दुसरी म्हणजे शिकणाऱ्याच्या डोक्यात आकार घेत असलेल्या नियमांची खूण. 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या अवस्थेला स्वतंत्र भाषेचा मान दिला: धड मातृभाषा नाही, धड इंग्रजी नाही, पण स्वतःचे नियम असलेली. तिच्यातल्या काही चुका पुढे दगडासारख्या घट्ट होतात, वीस वर्षं इंग्रजीत काम केलं तरी हलत नाहीत. समोरच्याला अर्थ कळतोय आणि काम होतंय, तर दुरुस्तीची गरज भासणार कुणाला?

आता आपलंच पाहू. 2015 पासून इथे नोकरीला आहे, हे सांगताना अरबी सहकारी लिहितो, ‘आय वर्क हिअर सिन्स 2015’, कारण त्याच्या भाषेत तिथे साधा वर्तमानकाळ चालतो. मराठी माणूस लिहितो, ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2015’, कारण आपण ‘काम करतोय’ म्हणतो. इंग्रजीला तिथे ‘हॅव’ हवा असतो आणि तो दोघांच्याही ईमेलमध्ये नसतो. दोघं एकमेकांना वर्षानुवर्षं उत्तरं पाठवत राहतात, आणि ‘हॅव’ची चौकशी कुणी करत नाही.