‘ट्रिगर जितका हलका, तितका नेम पक्का’ हे खरं नाही

२५ मीटर रेंजसाठी महागडं .२२ पिस्तूल घेताना हा सल्ला हमखास मिळतो. पण आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार या प्रकारात ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा हवा, म्हणजे तो सुटायला निदान तेवढा जोर लागला पाहिजे. तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला वजन टांगून उचलतात. वजन न पेलता ट्रिगर सुटला, तर पिस्तूल बाद. ५०० ग्रॅमची सवलत १० मीटर एअर पिस्तुलाची, आणि गोंधळ बहुधा तिथूनच आलेला.

गुण जातात ते वेगळ्याच जागी. पुढच्या-मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर साधारण २२० मिमी. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत जेमतेम ०.३ मिमी सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ३४ मिमी बाजूला जाते. प्रिसिजन टार्गेटवर दहाच्या वर्तुळाची त्रिज्या २५ मिमी, म्हणजे नऊच! साइट सरकते ती बोटाच्या झटक्याने किंवा हातात नीट न बसणाऱ्या ग्रिपमुळे (मुठीमुळे).

म्हणून कंपनी पार्डिनी, वॉल्थर की मोरिनी हा वाद नंतर. आधी ग्रिपचं माप बघा. डोळे मिटून हात उचला, मग उघडा. साइट दर वेळी एकाच बाजूला गेलेली दिसली, तर ग्रिप घासून किंवा बदलून घ्या. तळहाताखालची सरकती पट्टी आवळून बसवू नका, हात थरथरतो.

ट्रिगर १०००च्या किंचित वर ठेवा, कारण काठावरचं सेटिंग झिजेने खाली येतं. काडतुसं स्टँडर्ड व्हेलॉसिटीचीच (साधारण वेगाचीच) घ्या. हाय व्हेलॉसिटीने स्लाइडवर (मागे-पुढे सरकणाऱ्या भागावर) नाहक मार बसतो.