जीनोम चाचणी, पुरःस्थ कर्करोगातील
पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगावर उपचार कोणता करायचा आणि मुळात लगेच करायचा की नाही, हे ठरवताना जनुकांच्या तपासणीचा आधार घेण्याची पद्धती. प्रस्तुत नोंदीत सोलापूर परिसराचा विशेष विचार केला आहे.

ग्रंथीच्या मराठी नावांचा घोळ जुना आहे. ‘पुरःस्थ’ हे ‘पुढे उभा राहणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचे भाषांतर. ‘अष्ठीला’ हे दुसरे नाव सुश्रुतसंहितेतून उचललेले. तिच्या उत्तरतंत्र या अखेरच्या भागात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याच्या विकाराचे, 12 प्रकार असून त्यांपैकी वाताष्ठीलेत मलमार्ग व बस्ती (मूत्राशय) यांच्यामध्ये गोट्यासारखी घट्ट, न हलणारी गाठ होऊन लघवी तुंबते, असे वर्णन येते. संहितेचा काळ निश्चित नाही. उत्तरतंत्र मूळ ग्रंथाला मागाहून जोडले गेले असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. वाताष्ठीला म्हणजेच प्रोस्टेटची वाढ, हे समीकरण अलीकडच्या आयुर्वेदीय लेखनात रुळले आहे. गाठीची जागा पाहता ते पटते. पण वर्णनाचा रोख वायूच्या अवरोधावर असल्याने ते एकाच इंद्रियाला बांधणे धाडसाचे वाटते. कर्करोगाचा निर्देश तर त्यात शोधूच नये. दवाखान्यात सगळेच ‘प्रोस्टेट’ म्हणतात.

चाचण्या दोन जातींच्या असून त्यांची गल्लत नेहमी होते. पहिलीत बायोप्सीत (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात) किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या अर्बुदातील, म्हणजे कर्करोगाच्या गाठीतील, आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारा रेणू) मोजून कोणती जनुके किती सक्रिय आहेत ते पाहतात. ऑन्कोटाइप डीएक्स या चाचणीत 17 जनुके असतात. त्यांतील 12 कर्करोगाशी निगडित आणि 5 तुलनेसाठी. गुण 0 ते 100. प्रोलॅरिसचा भर पेशीविभाजनाच्या 31 जनुकांवर, तर डिसायफर 22 खुणांवरून 0 ते 1 असा गुण देते, 0.45 च्या खाली धोका कमी, 0.60 च्या वर जास्त. या गुणांनी निदान होत नाही. पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण), ग्लीसन श्रेणी (सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग किती आक्रमक दिसतो याचे माप, 1966 पासून प्रचलित) आणि गाठीची व्याप्ती यांवरून केलेला अंदाज ते थोडा वर किंवा खाली सरकवतात, इतकेच. ग्लीसन 6, म्हणजे खालची श्रेणी, असलेल्या रुग्णाला उपचार न करता निरीक्षणाखाली ठेवावे की नाही, किंवा शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावेत का, अशा काठावरच्या प्रश्नांत त्यांचा उपयोग. या चाचण्या मुख्यतः अमेरिका व युरोपातील रुग्णांवर पारखल्या गेल्या आहेत, हे भारतात विसरू नये. शिकागोतील एका यादृच्छिक (रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेल्या) अभ्यासात तर आरोग्यविषयक समज कमी असलेल्या पुरुषांनी गुण कळल्यावर निरीक्षणाचा मार्ग कमी प्रमाणात निवडला. आकडा हाती आला की धीर येतोच असे नाही.

दुसरी जात जन्मजात जनुकदोषांची, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सोलापूरसारख्या ठिकाणी आधी विचार तिचाच व्हावा. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कर्करोग शरीरात पसरलेल्या 692 पुरुषांपैकी 82 जणांत डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांत जन्मजात दोष आढळला. त्यांत बीआरसीए2 हे जनुक सर्वांत पुढे. अशा दोषांवर ओलापॅरिब हे औषध 2020 मध्ये अमेरिकेत मान्य झाले, म्हणजे या जातीच्या चाचणीत अहवालावरून थेट गोळी ठरते. दोष अर्बुदापुरता नसेल तर मुलामुलींचीही तपासणी सुचवली जाते. ‘घरात कोणाला प्रोस्टेटचा आजार होता का?’ असे विचारले की उत्तर सहसा ‘नाही’ येते. स्तन आणि अंडाशय यांच्या कर्करोगांमागेही हेच दोष असू शकतात, पण आत्याच्या छातीतली गाठ किंवा आजीचे ‘पोट वाढलेले’ या हिशेबात धरले जात नाही. प्रश्न मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत, नातेवाईकाचे नाते सांगून विचारावा लागतो. त्याला खर्च मात्र काही नाही.

सोलापूर जिल्ह्यात कर्करोगाची नोंद मात्र जुनी आहे. बार्शी येथे 1987 मध्ये सुरू झालेली ग्रामीण लोकसंख्याधारित नोंदवही ही देशातील अशी पहिली. बार्शीबरोबर परांडा आणि भूम तालुक्यांतील गावे तिच्यात येतात. तिच्यातील प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण मुंबई-पुण्यासारख्या शहरांपेक्षा बरेच कमी आहे. आजार खरोखर कमी, की पीएसए तपासणी कमी, यावर एकमत नाही. दोन्ही कारणे असावीत, पण तपासणीचा वाटा मोठा मानणे सयुक्तिक वाटते.

अर्बुदाचा आरएनए मोजायचा तर नमुना बाहेरगावी धाडावा लागतो. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून केलेला, काडेपेटीहून लहान ‘ब्लॉक’ प्रयोगशाळेकडून मागून घेतात. त्यावर क्रमांक असतो आणि अहवालावरील क्रमांकाशी तो ताडून पाहणे रुग्णाच्या नातेवाइकाच्याही हिताचे. हे मेण, म्हणजे पॅराफिन, साधारण 56 ते 60 अंश सेल्सिअसला वितळते. चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात ब्लॉक पिशवीत नेला तर तसा धोका नाही, मात्र बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नये. खरी नासाडी त्याआधीच झालेली असू शकते: ऊती फॉर्मॅलिनमध्ये गरजेपेक्षा जास्त दिवस राहिली किंवा ब्लॉक काही वर्षे पडून असला, तर आरएनएचे तुकडे होतात आणि अहवालावर गुणाऐवजी ‘नमुना अपुरा’ असा शेरा येतो.