मागच्या काचेला सिलिकॉन मारलं की गळती थांबते? नाही हो

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीची मागची काच पावसात गळायला लागली की मुंबईत कोणीही सांगतं, बीडिंग (काचेभोवतीची रबरी पट्टी) कशाला बदलतोस, वरून सिलिकॉन मार, झालं काम. या एका सल्ल्याने चांगल्या गाड्या कुजतायत, खरंच वाईट वाटतं.

पाणी शिरतं कारण रबर कडक होऊन आकसलेलं असतं. वरून सिलिकॉन फासलं की आत गेलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाटच बंद, ते खालच्या कोपऱ्यात साचून पत्रा खातं, आणि सुकताना व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन असेल तर त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, म्हणजे उघड्या पत्र्याला गंज अजून लवकर.

काच काढा, गंज घासून प्रायमर मारा, रबर नवीनच घ्या. रबर आधी काचेवर चढवायचं, मग रबराच्या ज्या खाचेत पत्रा बसतो तिच्यात नायलॉनची दोरी फिरवून टोकं गाडीच्या आत सोडायची, साबणाचं पाणी लावायचं (ग्रीस नको, रबर फुगू शकतं), एकाने बाहेरून तळव्याने दाबायचं आणि दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची, रबराची कड पत्र्यावर आपोआप उलटून बसते. सीलंट लावायचंच तर मऊ राहणारं मॅस्टिक, तेही खाचेत.