बियाण्याच्या पिशवीवरचा 'टी'

उन्हाळी भुईमूग म्हटलं की महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या तोंडी 'टॅग-२४' (टीएजी-२४) या वाणाचं नाव येतं. लोकलमध्ये खाऱ्या दाण्यांची पुडी रिकामी करणाऱ्या मुंबईकराला मात्र यातला 'टी' कुणाचा, हे सहसा ठाऊक नसतं. तो ट्रॉम्बेचा. चेंबूरच्या पुढे रिफायनऱ्यांच्या चिमण्या दिसतात, तोच भाग.

किरणांच्या माऱ्याने पिकाचे गुणधर्म बदलता येतात, हे अमेरिकेत स्टॅडलर या शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये जवाच्या बियाण्यावर दाखवलं. ट्रॉम्बेची अणुसंस्था १९५४ची. भाभांचं नाव तिला मिळालं १९६७ साली. अणुभट्ट्यांच्या शेजारी भुईमूग पेरणं जरा गमतीचंच वाटतं, पण 'स्पॅनिश इम्प्रूव्ह्ड' या जुन्या वाणावर क्ष-किरण सोडून तिथेच टीजी-१ तयार झाला आणि १९७३ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत गेला.

किरण सोडायला फार वेळ लागत नाही. वाळलेल्या बियांची पुडी कोबाल्ट-६० या गॅमा किरण सोडणाऱ्या धातूच्या यंत्रात ठेवायची, ठरलेली मात्रा झाली की बाहेर काढायची. खरी मेहनत वावरात. पहिल्या पिढीत काही बिया उगवतच नाहीत, काही रोपं खुरटतात. खरा फरक दिसू लागतो तो दुसऱ्या पिढीपासून: हजारो झाडं एकेक करून बघायची, बहुतेक टाकून द्यायची, आणि एखादं बुटकं, लवकर पिकणारं, शेंगांनी लगडलेलं झाड सापडलं तर त्याचं बी वेगळं राखायचं. मग अशा झाडांचा आपसात संकर. १९९१चा टॅग-२४ हा उत्परिवर्तित, म्हणजे किरणांनी गुणधर्म बदललेल्या, वाणांच्या अशाच संकरातून आला.

एवढ्या चाचण्यांना मुंबईत जागा कुठली? त्यासाठी कृषी विद्यापीठांची साथ लागते, म्हणून नावातलं दुसरं अक्षर महत्त्वाचं. टॅगमधला 'ए' अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा, मोठ्या दाण्याच्या टीपीजी-४१मधला 'पी' राहुरीच्या फुले विद्यापीठाचा. १९८५चा उडीद टीएयू-१, त्यातही अकोला आहेच.

'किरण लावलेलं' म्हटलं की लोक बिचकतात. पण कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा त्यासाठी पुरेशी नसते, त्यामुळे दाणा किरणोत्सारी होत नाही. बदलतो तो जनुकांचा क्रम, तोही कुठे बदलेल हे आधी सांगता येत नाही. बीटी कापसात मात्र जिवाणूचं जनुक मुद्दाम घातलेलं असतं. म्हणून त्याला जनुकबदल केलेल्या सजीवांसाठीचे १९८९चे नियम लागू झाले आणि २००२ मध्ये केंद्राची खास मंजुरी घ्यावी लागली. टॅग-२४ या वाटेने गेलाच नाही.